काठीच्या मापाचे वाफे

खांडीला नाव पडायला फार वेळ लागत नाही. उधाणाच्या पाण्यानं बांध फुटतो, खाडी शेतात शिरते, गाव पेंढा आणि पोती घेऊन धावतं, आणि त्या धावपळीत एखादा माणूस गेला की फुटलेली जागा त्याचीच होऊन बसते. कासूहून खाली खाडीकडे उतरलं की आधी येसूची खांड लागते, मग महादूची, मग नुसतीच म्हातारीची. ती म्हातारी कोण, कुणाची, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. मागल्या श्रावणात पिठोरीच्या अवसेला, भर दुपारच्या भरतीत जनूच्या शेताला लागून बांध फुटला. त्या जागेला गाव जनूची खांड म्हणू लागलं.

एका घरात तेवढं कुणी म्हणत नव्हतं. जनूच्या.

जनूची आई कृष्णाबाई तळ्यावर लुगडं पिळत होती, तेव्हा शेजारची काशीबाई सहज बोलून गेली, "जनूच्या खांडीकडं लव्हाळा मस्त वाढलाय गो. शाकारणीला कापून आनू."

कृष्णाबाईनं पिळलेलं लुगडं पुन्हा पाण्यात सोडलं.

"कोनाच्या?"

काशीबाईनं जीभ चावली.

"खांडीला मेल्या मानसाचं नाव देतात, काशे. माजा पोर जिता हाय. पानी कुठं घेऊन गेलं आसंल ते पानी जाने. येईल तवा त्याच्या तोंडावर म्हन, ही तुजी खांड म्हनून."

काशीबाईनं आपली घागर उचलली. कृष्णाबाईपुढे सगळं गावच गप्प राहायचं. जनू सापडला नव्हता हे खरंच होतं. होड्या थेट धरमतरापर्यंत जाऊन आल्या होत्या, तिवरांतून बांबू घालून पाहिलं होतं. फुटक्या बांधात पेंढ्याची पोती दाबताना तो कमरेएवढ्या चिखलात उभा होता, आणि मग नव्हता, एवढंच बघणाऱ्यांनी बघितलं होतं. अंगावरचं फडकंसुद्धा वर आलं नाही.

म्हणून त्याच्या बायकोच्या, सीताबाईच्या, कपाळाचं कुंकू तसंच होतं. हातात हिरव्या बांगड्या होत्या. ती सोमवार धरायची, तुळशीला पाणी घालायची, आणि कपाळाला बोट लावताना आरशात बघायची नाही.

पिठोरीच्या त्या संध्याकाळचं तिला सगळं आठवायचं. पोरगा गेला हे कृष्णाबाईला कुणी सांगितलं नव्हतं. बांधावर आहे, येईल, असंच सांगितलं होतं. पिठोरीचं व्रत आईनं लेकरांसाठी करायचं. खीर-पुरीचं ताट डोक्यावर घ्यायचं, लेकरांकडे पाठ करायची आणि विचारायचं, "अतीत कोन?" मागून लेकरानं म्हणायचं, "मी हाय." मग मागं न बघता ताट त्याच्या हातात द्यायचं. कृष्णाबाईनं विचारलं. धाकटा नाथा म्हणाला, "मी हाय." त्याला ताट दिलं. दुसरं ताट डोक्यावर घेतलं, पुन्हा विचारलं, "अतीत कोन?" नाथा दारातून बाहेर निघून गेला. म्हातारी उभीच राहिली. खीर काठावरून सांडून तिच्या मानेवर आली, तरी उभी. शेवटी सीताबाईनं पुढे होऊन ताट उतरवलं.

"त्यानं नाय घेतलं ताट," कृष्णाबाई पुढे कधी कधी म्हणायची. "माजी पिठोरी तिथंच आडलीय."

*

वैशाखात शेत पांढरं पडलं. पायाखाली खाराचा पापुद्रा कुरकुरायचा. गावानं खांड बुजवली होती, पण जमिनीत शिरलेला खार कोण बुजवणार? भाताचा दाणा त्या शेतात आला नाही. बांधाच्या कडेला शेवाळासारखा हिरवट चिखल, मध्ये फुटलेली ढेपं, आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी.

अशा वेळी लुनावरून केरू आला. केरू गावचाच, पण आताशा तो कोळंबीच्या प्रकल्पवाल्यांसाठी जमिनी बघत फिरायचा. खारं पाणी मुद्दाम आत घेऊन तळी करायची, त्यांत कोळंबी सोडायची, असं ते काम. पलीकडच्या गावात दोन तळी झालीसुद्धा होती.

"आये, अंगठ्यापुरतं काम हाय," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "तसाबी खारच ना आता? खाराला खार मिळतोय."

"रान माज्या नावावर हाय, पर कसतो जनू," कृष्णाबाई वालाच्या शेंगा सोलत म्हणाली. "त्याला येऊ दे. त्याला इचारते."

केरूनं नाथाकडे बघितलं. नाथानं जमिनीकडे बघितलं. तो रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा. रात्रपाळी करून आलेले त्याचे डोळे लाल होते.

"कवा यायचा तो, आये?" त्यानं विचारलं.

"शिफ्ट सुटली की तू येतोस ना? तसाच."

केरू उठून गेला. नाथा मागच्या दारी चुळा भरायला आला, तिथे सीताबाई भांडी घासत होती. तो तिच्याकडे न बघता बोलला.

"वयनी, माजा या रानावर राग हाय आसं समज. भाऊ खाल्ला त्यानं. रोज त्याच्या कडंनं स्टेशनावर जातो, मान वर करत नाय. आता पिठोरीला वरीस भरंल. तवर आय बोलंल ती ऐकतो. पुडं नाय. पोलीस पाटलाकडं भाऊ गेला म्हनून मीच सांगीन, आयेला समजावीन, आनि रान केरूच्या मानसांना देऊन टाकीन. तुलाबी मोकलं व्हायला होईल."

"मोकलं," सीताबाईनं तो शब्द राखेच्या बोटांनी घासल्यासारखा उच्चारला. "आनि रानात काय उगवलं तर, भावजी?"

"मिठात?"

"मिठाच्या वर. वाफे घालीन मी. उंच. माज्या माहेरी कोलाडकडं घालतात, पानी साचतं तिकडंबी. भेंडी काडतात त्यावर, माठ काडतात."

"कोलाडचं पानी गोडं, वयनी."

"गाळ तळ्यातला घालीन. तोबी गोडाच हाय."

नाथानं चूळ थुंकली. "एकटी?"

तिनं पुढचं भांडं ओढलं. तो आत गेला. पण त्यानं नाही म्हटलं नव्हतं.

*

वाफ्याला माप लागतं. माप नसलं की एक लांब होतो, एक आखूड, पाणी कुठेही पळतं. सीताबाईनं आढ्याला खोचलेली जनूची काठी काढली.

ती काठी बांधाच्या कामावरची. कुणी किती माती टाकली ते काठीनं मोजायचे. जनूनं आपल्या टाचेपासून टाळूपर्यंत एक सरळ बांबू कापून घेतला होता, आणि तो तर गावात सगळ्यांत उंच. टोळीतले लोक त्याच्यावर ओरडायचे, "तुज्या काठीनं मोजलंस तर आमी मरू रे, खांब्या!" तो हसायचा आणि दुसऱ्याची काठी घ्यायचा. पण स्वतःची टाकली नाही.

"काठी कुठं नेतीस गो?" कृष्णाबाईनं विचारलं.

"वाफ्यांना, आय."

"ने. पर आन परत. आला की शोदंल."

सीताबाई शेतात आली. बांध फुटल्यापासून ती एकटी कधी इथे आली नव्हती. सूर्य अजून वर यायचा होता. ओहोटी लागली होती आणि बांधापलीकडे चिखल उघडा पडत होता. त्याचा आवाज तिला लहानपणापासून ठाऊक. बिळांतून पाणी उतरतं, चिंबोऱ्या हलतात, चिखल चटचटतो. पण त्या सकाळी तो तसा वाटेना. कुणीतरी पाय रुतवत, ओढून काढत चालल्यासारखं वाटत होतं. चप्प. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा चप्प. तिनं पाठ वळवली आणि मनात नाम घेत काठी जमिनीवर ठेवली.

वाफा एक काठी लांब. रुंदी एवढी की दोन्ही बाजूंनी बसून हात मधोमध पोचावा. चार कोपऱ्यांना खुंट्या. मग पापुद्रा फावड्यानं खरवडून काढायचा आणि बांधाच्या बाहेर फेकायचा. खाली पेंढा अंथरायचा, म्हणजे खालचा खार वर चढत नाही. त्यावर राखुंडा आणि शेणखत. सगळ्यात वर तळ्याचा गाळ, गुडघ्याएवढा. दोन वाफ्यांमध्ये चर खणायचा, त्याची माती मात्र वर टाकायची नाही, ती खारी. ती खांडीच्या तोंडावर नेऊन टाकायची.

तळं उन्हाळ्यानं आटलं होतं. तळाचा काळा गाळ सगळं गाव काढून नेत होतं. सीताबाईही घमेलं घेऊन उतरली. ओला गाळ डोक्यावर घेतला की चुंबळीतून झिरपून कानामागे ओघळ यायचे. मान आखडायची. उतारावर टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांत खार शिरला की डोळ्यांत पाणी यायचं. घरी येऊन ती टाचांना एरंडेल चोळायची आणि कृष्णाबाई विचारायची, "किती जालं गो?"

"चाललंय, आय."

"त्याला आवडंल का?"

सीताबाई टाचा चोळत राहायची.

चर खणताना एक वेगळी भीती होती, ती तिनं कुणाला सांगितली नाही. पाणी शेतात शिरलं तेव्हा बांधाची सगळी माती आत आली होती. त्या मातीत काय काय आलं असेल? ती फावडं उचलायची ते उंच नाही, अर्ध्यावर. मारायची ते जोरात नाही. एकदा फावडं कशालातरी लागलं. दगडासारखं खणखणीत नाही, मऊही नाही, आतून बसका आवाज आला. तिच्या हातातून दांडा सुटला. ती चरात बसली, आणि नखांनी माती उकरू लागली. हळू, जसं झोपलेल्याच्या तोंडावरचं पांघरूण काढावं तसं. हाताला गुळगुळीत, ओलं, गोल काहीतरी लागलं. तिनं डोळे मिटले. पदर तोंडात धरला. मग बोटं पुढे गेली आणि सालीचा खडबडीतपणा लागला. तिवराचं खोड होतं. भरतीनं उपटून आत आणलेलं.

तिनं पदर तोंडातून सोडला. मग ते खोड तिनं काढलं नाही. त्याच्यावर माती ओढली आणि चर दोन हात बाजूनं नेला.

"चर वाकडा का केलास गो?" दुपारी गवत कापायला आलेल्या काशीबाईनं विचारलं.

"खोड हाय खाली."

"खोड म्हनजे काय देव लागून गेला? तोडायचं." काशीबाईनं कमरेवर हात ठेवून वाफ्यांकडे बघितलं. एक, त्याच्या बाजूला एक, चोपण्यानं चोपून कडा केलेले, सारख्याच लांबीचे. तिचा चेहरा हळूहळू बदलला. "सीते."

"काय?"

"काय नाय. जरा लांब घालायचे व्हते. नायतर आखूड. हे... हे आसे कसे दिसतात गो."

"कसे?"

"तुला नाय दिसत?" काशीबाईनं गवताचा भारा उचलला. "मग ऱ्हाऊ दे. नाय दिसत तेच बरं."

काशीबाई गेली. सीताबाईनं काठी उचलली, पुढच्या वाफ्याच्या जागेवर ठेवली आणि वाकली. वाकता वाकता तिला दिसलं. टाळू इकडे, टाचा तिकडे. ती सरळ झाली. सगळे वाफे तिनं पाहिले. काळ्या, ओल्या गाळाचे, खांडीकडे पाय करून ओळीनं निजलेले.

मोडावेत? गाळ सुकत आला होता. मान मोडून आणलेला होता. तिनं पदरानं काठी पुसली आणि पुन्हा त्याच मापानं रेघ मारली. दुसरं माप तिच्याजवळ नव्हतं.

*

एका सकाळी ती आली तर नाथा आधीच चरात उभा होता. कंपनीचा खाकी शर्ट काढून बांधावर ठेवलेला, रात्रभर जागलेला. त्यानं काही विचारलं नाही. घमेली भरून देत राहिला. उन्हं चढल्यावर शर्ट खांद्यावर टाकून घरी निघाला, आणि जाताना एवढंच म्हणाला, "मी रान देनारच हाय, वयनी. पर तुजी मान मोडंल म्हनून आलो."

ज्येष्ठात वटपौर्णिमा आली. सीताबाईनं जायचं नाही ठरवलं होतं, पण कृष्णाबाईनं नवं लुगडं तिच्या अंगावर टाकलं. "नवरा परगावी आसला की वड पुजत नायत काय?" वडाखाली बायका जमल्या होत्या. सीताबाई दोऱ्याचं रीळ घेऊन पुढे झाली तशी गर्दी तिला वाट द्यायला हटली, नको इतकी हटली. कुणीतरी तोंडाला पदर लावून म्हणालं, "हिचा दोरा कंचा? हिकडचा का तिकडचा?" दुसरी खुदकन हसली, मग गप्प झाली. सीताबाईनं फेरे घातले. सात जन्म हाच नवरा मिळू दे, असं मागायचं असतं. तिनं मागितलं नाही. तो कुठे आहे, तेवढं सांग, असं ती वडाला म्हणाली, आणि वडानं दोरा ओढून घेतला तसा तिच्या हातून तुटला.

मग पावसानं वाफे धुतले. धो धो पडून गेला की चरांतलं पाणी ती बोट बुडवून चाखायची. सुरुवातीला जीभ आखडायची, पुढे पुढे नुसतं मचूळ लागायचं. आषाढाच्या मध्यावर तिनं भेंडी टोकली, माठाचं बी फेकलं, कडेला घोसाळी लावली. पहिला माठ कडेकडेनं जळाला. तिनं पुन्हा फेकला. आणि जो वाफा खांडीच्या सगळ्यात जवळ, जिथे काहीच येणार नाही असं तीही धरून चालली होती, त्यावरचा माठ आधी फुटला. लालभडक, दाट.

"तिथंच कसा काय?" नाथानं बांधावरून विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मना काय म्हायती," सीताबाई म्हणाली. ओहोटी होती. पलीकडच्या चिखलात कुणीतरी पाय ओढत होतं, आणि दोघंही ते ऐकत नसल्यासारखी उभी होती.

*

पिठोरीच्या दुपारी सगळं गाव बांधावर होतं. अवसेचं उधाण, वरून खाडीच्या बाजूचा वारा. मागच्या वर्षाची शिवण धरेल का, हेच सगळे बघत होते. पाणी चढत चढत बांधाच्या ओठाला आलं. बुजवलेल्या खांडीतून पाझर फुटला. नाथा आणि आणखी चौघांनी पोती दाबली. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. मागल्या वर्षी जिथे जनू उभा होता तिथे कुणी उभं राहिलं नाही. ती जागा सोडून दोन्ही बाजूंनी लोक राबले.

बांध धरला. पण पाझराचं पाणी शेतात उतरलं आणि चर भरत गेले. सीताबाई बघत राहिली. पाणी वाफ्यांच्या कडेनं वर चढलं, भेंडीच्या मुळांच्या खाली वीतभर येऊन थांबलं, आणि तिथेच राहिलं. सगळं शेत पाण्याखाली गेलं, फक्त वाफे वर. काळे, लांबट, एकसारखे, पाण्यावर उताणे पडल्यासारखे. गावातल्या माणसांनी ते पाहिलं आणि एकेक जण टोपी सारखी करत घराकडे वळला.

संध्याकाळी सीताबाई घरी आली तर चूल पेटलेली, खीर झालेली, पण कृष्णाबाई घरात नव्हती.

ती बांधावर होती. फुटक्या बांधाकडे तिनं वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं. आता गुडघे धरत, एका हातात खीर-पुरीचं ताट सांभाळत चालत होती. मागून नाथा धावत आला, सीताबाई आली.

"आये, घरात कर," नाथा म्हणाला. "हितं कुठं पिठोरी."

"घरात येत नाय तो. हितं बघते."

पाणी ओसरत होतं. बांधाच्या उतारावर म्हातारी थांबली आणि तिनं वाफे बघितले. पहिल्यांदाच बघितले. तिची मान एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे गेली, मग पुन्हा मागे आली.

"सीते."

"काय, आय?"

"कोनाच्या काठीनं मापलंस?"

नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. "त्यांच्या."

कृष्णाबाई खाली उतरली. चरातल्या चिखलात पाय घालत ती खांडीजवळच्या वाफ्यापाशी गेली. ताट सीताबाईच्या हातात दिलं. लाल माठावरून हात फिरवत ती वाफ्याच्या एका टोकाशी बसली आणि हाताच्या वितेनं मापायला लागली. टाळूपासून टाचेपर्यंत, वरून खाली. नुकतंच जन्माला आलेलं लेकरू आई मापते तसं. पायाकडे पोचली तेव्हा ती हात तिथेच ठेवून थांबली.

"येवडाच व्हता," ती म्हणाली. "आढ्याला डोकं लागायचं."

मग उठली. वाफ्याकडे पाठ केली, खाडीकडे तोंड. "आन ताट." ताट डोक्यावर घेतलं. नाथा दोन पावलं मागे सरला. वारा पडला होता.

"अतीत कोन?"

पाणी चरातून उतरत होतं. कुठेतरी बगळा फडफडला.

"अतीत कोन?" पुन्हा विचारलं.

आणि तेव्हा मागे, अगदी मागे, वाफ्याच्या उशाशी, चिखलात आवाज आला. चप्प. थोडा वेळ काही नाही. मग जवळ, चप्प.

म्हातारीचा चेहरा उजळत गेला. तिची मान वळायला लागली. पिठोरीत मागं बघायचं नसतं. मागं बघितलं की जे उभं आहे ते जातं, किंवा जायचं ते जात नाही. लहानपणापासून सीताबाईनं हे ऐकलं होतं, त्यातलं कुठलं खरं ते तिला ठाऊक नव्हतं. ती एका ढांगेत चर ओलांडून सासूच्या पाठीमागे उभी राहिली. आवाजाच्या आणि म्हातारीच्या मध्ये.

"मी हाय, आय," ती म्हणाली.

म्हातारीची मान वळता वळता थांबली.

"कोन?"

"मी. सीता."

खीर काठावरून हलली. मग कृष्णाबाईनं ताट डोक्यावरून उचललं, मागे न बघता पाठीमागे केलं आणि सीताबाईच्या हातात दिलं. हात रिकामे झाले तसे ते खाली आले, आणि म्हातारी जिथे उभी होती तिथेच चिखलात बसली. वर्षभर न फुटलेला सूर फुटला, आणि तो आधी माणसाचा वाटेनाच. नाथा तिच्या शेजारी बसला आणि तिच्या मांडीवर डोकं घालून तोही रडला. सीताबाई ताट धरून उभी होती. आवाज आला त्या दिशेला तिनं तेव्हाही बघितलं नाही, पुढेही नाही. चिखल गप्प झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चराच्या कडेला बसली. दगड उचलला आणि मनगट पुढे केलं.

"फोडू नको," मागून कृष्णाबाई म्हणाली. "काच हाताला लागंल. भेंडी तोडायची हाय."

सीताबाईनं दगड ठेवला. चिखलाचा हात मनगटावर फिरवला आणि एकेक बांगडी सरकवून काढली. कुंकू म्हातारीनंच पुसलं, ओल्या पदरानं, पोराचं तोंड पुसावं तसं, पुन्हा पुन्हा.

*

पाऊस सरला आणि केरू आला. लुना बांधावर लावली. नाथा बरोबर होता, पण दोन पावलं मागे. रानात कृष्णाबाई माठाची जुडी बांधत होती, सीताबाई पेणच्या बाजाराची टोपली भरत होती. खांडीकडचे तीन-चार वाफे मिठानं बसले होते, बाकीचे हिरवे होते.

केरूनं टोपी काढली. "आये, नाथानं सांगितलं. वाईट जालं. जनू..."

"जनू गेला," कृष्णाबाई म्हणाली.

केरूनं मान हलवली. खिशातून कागद काढला. "आता तू म्हनत व्हतीस, त्याला इचारल्याबिगर नाय. आता इचारायला..."

"इचारलं त्याला." तिनं जुडीला गाठ मारली. "खारं पानी येकदा गेलं त्याच्या अंगावरशी. पुन्यांदा मी सोडायची नाय."

केरूनं वळून नाथाकडे बघितलं. नाथानं घमेलं उचललं आणि तळ्याच्या वाटेला लागला. केरूनं वाफ्यांकडे बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तो गाडी चालू न करता हातानं ढकलत बांधावरून घेऊन गेला.

सीताबाईनं टोपलीवर ओलं फडकं टाकलं. कृष्णाबाई उन्हाला हात आडवा धरून रानाच्या टोकाकडे बघत होती.

"सीते, तिकडं जनूच्या खांडीकडं कोपरा मोकळा ऱ्हायलाय. नाथा गाळ आनतोय तवर तिकडंबी घाल दोन वाफे."

सीताबाई चमकली नाही. आढ्याची काठी बांधावर टेकवून ठेवली होती, ती घ्यायला वाकली.

"ती ऱ्हाऊ दे," कृष्णाबाई म्हणाली. "लांब घाल गो. रान सपंल तिथवर घाल."